शरीराचा राखणदार आणि बुरशी

जून उजाडला की गोव्यातल्या घरांत बुरशीचे राज्य सुरू होते. कपाटातला चामड्याचा पट्टा हिरवट होतो, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी पूड चढते, भिंतींच्या कोपऱ्यांत काळे ठिपके उमटतात. लोणच्याच्या बरणीत चुकून ओला चमचा गेला, तर थोड्याच दिवसांत वर पांढरी साय धरते. चवथीच्या आधीची साफसफाई म्हणजे निम्मी या बुरशीशीच झटापट असते.

हे सगळे आपण इतक्या सवयीने पाहतो, की त्यातून उठणारा एक साधा प्रश्न मनात येतच नाही. बुरशीचे बीजाणू हवेतून येतात. जी हवा त्या पट्ट्याला आणि पावाला लागते, तीच हवा श्वासागणिक आपल्या फुप्फुसांत जाते. पट्टा कुजतो, पाव कुजतो, मेलेले झाड कुजते. मग आतून उबदार, ओलसर आणि अन्नाने भरलेले आपले शरीर का कुजत नाही? आणि प्राण जाताच तेच शरीर काही तासांत का बिघडू लागते?

म्हणजे जिवंतपणी आत कोणीतरी राखण करत असतो. आपल्याकडे गावाला राखणदार असतो. रात्री हातात काठी घेऊन तो गावाची शीव फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो आणि आगळीक करणाऱ्याला अद्दल घडवतो, अशी श्रद्धा आहे. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो झोडपत सुटत नाही. कोणाला जाऊ द्यायचे आणि कोणाला अडवायचे, हे ओळखणे हेच त्याचे खरे काम. शरीराच्या राखणदाराचेही तसेच आहे. मात्र ही गोष्ट माणसाला कळायला बराच काळ लागला. तो इतिहास चाळताना एक मौज दिसते. त्याच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या वळणावर कुठली ना कुठली बुरशी उभी आहे.

रोग सूक्ष्म जिवांमुळे होतात असे म्हटले की आपल्याला पाश्चर आणि कॉख ही नावे आठवतात. पण त्यांच्याही आधी इटलीतल्या लोदी गावाजवळ अगोस्तिनो बास्सी नावाचा एक गृहस्थ रेशमाच्या किड्यांवर पडलेल्या रोगाचा शोध घेत होता. या रोगात किडे मरत आणि त्यांच्या अंगावर चुना शिंपडल्यासारखी पांढरी पूड चढे. ती पूड म्हणजे एक जिवंत बुरशी आहे, आणि ती निरोगी किड्याला लागली की त्यालाही तोच रोग होतो, हे बास्सीने १८३५ साली मांडले. १८३९ साली जर्मन वैद्य शॉनलाइन यांना डोक्याच्या कातडीच्या एका रोगात बुरशी सापडली. काळपुळीच्या जंतूवरचे कॉखचे प्रसिद्ध काम १८७६ सालचे. म्हणजे रोगाचे कारण म्हणून ज्या सूक्ष्म जिवांकडे पहिल्यांदा बोट दाखवले गेले, त्यांत बुरशी आघाडीवर होती.

या कथेचा पुढचा धागा आपल्या बाजूला येतो. १८५८ साली ग्रे यांचे शरीररचनेवरचे जगप्रसिद्ध पुस्तक लंडनला निघाले. त्यातली चित्रे ज्याने काढली तो हेन्री वॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. पुढे काही वर्षे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. इथे त्याच्यासमोर एक विचित्र रोग आला. पाय हळूहळू सुजून बेढब होई, त्याला भोके पडत आणि त्यांतून रव्यासारखे काळे किंवा पांढरट कण बाहेर येत. मदुराईकडे हा रोग आधी नोंदला गेला होता, म्हणून त्याला मदुरा फूट म्हणत. कार्टरने ते कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि हा बुरशीचा रोग असल्याचे सांगितले. त्याने या रोगाला मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ, असे नाव दिले. त्याचे या विषयावरचे पुस्तक १८७४ साली प्रसिद्ध झाले. अशा गाठी काही वेळा बुरशीसारख्या फांद्या फुटणाऱ्या जिवाणूंमुळेही होतात, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. पण बुरशीचे बोट कार्टरने बरोबर धरले होते.

हा रोग बहुधा अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांना होई. पायात काटा मोडला की त्याच्याबरोबर मातीतली बुरशी आत जाई. आता दख्खनच्या शेतात काटा कोणाला टोचत नाही? हजारोंना टोचतो, पण पाय सुजतो तो त्यातल्या थोड्यांचाच. बाकीच्यांच्या पायांत गेलेल्या बुरशीचे काय होते? कार्टरच्या काळी या प्रश्नाला उत्तर नव्हते. ते उत्तर फार दूर समुद्रकिनाऱ्यावर, दुसऱ्याच एका काट्याच्या टोकावर सापडायचे होते.

इल्या मेचनिकॉव्ह हा १८४५ साली खारकीव्हजवळ जन्मलेला प्राणिशास्त्रज्ञ. तो भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. १८८२ साली ओडेसा विद्यापीठातली नोकरी सोडून तो कुटुंबासह सिसिली बेटावरच्या मेसिनाला राहायला गेला. तारामाशाची डिंभे काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या पोटात काही पेशी इकडेतिकडे सरपटताना त्याला दिसत. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे बघायला गेली होती आणि तो एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसला होता. तेव्हा त्याच्या मनात आले, की या फिरत्या पेशी शरीराची राखण तर करत नसतील? तसे असेल, तर डिंभाच्या अंगात काटा खुपसला की त्या काट्याभोवती जमा व्हायला हव्यात. त्याने अंगणातले गुलाबाचे काटे आणले आणि डिंभांच्या अंगात खुपसले. रात्रभर त्याला झोप आली नाही. पहाटे पाहतो तर पेशींनी काट्याला चहूबाजूंनी वेढा घातला होता. पुढे स्वतः मेचनिकॉव्हनेच ही हकीकत लिहून ठेवली.

त्या काळची समजूत याच्या अगदी उलट होती. पू म्हणजे रोग, सूज म्हणजे रोग. पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसत, तेव्हा या पेशीच जंतूंना अंगभर वाहून नेतात असे बरेच वैद्य मानत. मेचनिकॉव्ह म्हणाला, सूज हा रोग नसून रोगाला दिलेले उत्तर आहे. पण काटा हा निर्जीव. जिवंत शत्रूशी पेशी खरोखर झुंजतात हे दाखवायचे, तर तशी झुंज डोळ्यांसमोर घडायला हवी होती.

ती घडली डाफ्निया नावाच्या, गोड्या पाण्यात राहणाऱ्या एका इवल्याशा जिवात. हा जीव आपल्या सुंगटांच्या दूरच्या गोतातला, आकाराने अगदी लहान, आणि तोही पारदर्शक. त्याला एका यीस्टचा रोग होतो. यीस्ट ही बुरशीच्याच कुळातली. या यीस्टचे बीजाणू सुईसारखे टोकदार असतात. डाफ्निया ते अन्नाबरोबर गिळतो आणि ते आतड्याची भिंत भेदून त्याच्या अंगात शिरतात. पुढे काय होते, ते मेचनिकॉव्हला जिवंत डाफ्नियात सलग पाहता आले. फिरत्या पेशी येऊन बीजाणूंना चिकटत आणि त्यांना गिळून विरघळवून टाकत. असे झाले की डाफ्निया वाचे. पण बीजाणू फार झाले किंवा त्यांतला एखादा निसटून त्याला अंकुर फुटला, की यीस्ट अंगभर माजे आणि डाफ्निया मरे.

१८८४ साली त्याने हे प्रसिद्ध केले. या पेशींना त्याने फॅगोसाइट म्हटले, म्हणजेच भक्षक पेशी. शरीराची राखण करणाऱ्या पेशी एका जिवंत रोगजंतूशी सामना करताना अशा सविस्तरपणे नोंदल्या गेल्या, त्या एका बुरशीशी झालेल्या झुंजीत. पुढे त्या यीस्टच्या गोत्राला मेचनिकॉव्हचेच नाव मिळाले. आणि अनवाणी शेतकऱ्याच्या कोड्याचेही अर्धे उत्तर इथे हाती लागले. काट्याबरोबर आत गेलेली बुरशी बहुतेकांच्या पायात तिथल्या तिथे गिळली जात असली पाहिजे.

जर्मनीत या म्हणण्याला कडाडून विरोध झाला. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवले, की घटसर्प आणि धनुर्वाताचे विष निकामी करणारे द्रव्य रक्तातच तयार होते. मग पेशींची गरजच काय, असा सवाल झाला. पुढची काही वर्षे पेशीवाले आणि रक्तद्रव्यवाले असा वाद रंगला. अखेर दोन्ही बाजू खऱ्या निघाल्या. रक्तातली द्रव्ये जंतूवर खूण करतात आणि पेशी त्या खुणेवरून त्याला गिळतात, हे पुढच्या संशोधनात दिसून आले. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तद्रव्यवाल्यांचा अग्रणी पाउल एर्लिक यांना विभागून मिळाले.

मेचनिकॉव्ह १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होता. ओडेसाचा त्याचा एक विद्यार्थी त्याच्या ओळखीने तिथे ग्रंथपाल म्हणून लागला. तो म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ही लस ज्या ठिकाणी सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर टोचली गेली, त्यांत १८९७ सालचे दमण होते. दमण तेव्हा गोव्याबरोबरच पोर्तुगीज राजवटीत होते. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव आपण सगळ्यांनी ऐकलेले असते. मात्र त्याची एक मुळी मेसिनाच्या त्या काट्यापर्यंत जाते, हे सहसा सांगितले जात नाही. त्याच प्लेगच्या धास्तीने फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. या कायद्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

उतारवयात मेचनिकॉव्हचे लक्ष दुसरीकडे वळले. आपल्या आतड्यांत असंख्य जंतू राहतात. त्यांतले काही विष तयार करतात आणि त्यानेच माणूस लवकर म्हातारा होतो, असे त्याला वाटू लागले. त्यावर उपाय म्हणून दुधाचे दही करणारे जंतू पोटात सोडावेत, असे सांगत तो रोज आंबवलेले दूध घेऊ लागला. १९०७ साली त्याने दीर्घायुष्यावर पुस्तक लिहिले आणि युरोपात दह्याची लाट आली. जेवणाचा शेवट दहीभाताने किंवा ताकाने करणाऱ्या आपल्या माणसांना यात नवल वाटणार नाही. म्हातारपणाचे त्याचे गणित पुढे टिकले नाही. पण आत राहणारे सगळेच जंतू शत्रू नसतात आणि एका जातीचा जंतू दुसरीला जागेवर ठेवतो, हा त्यातला विचार टिकला. ज्याने राखणदाराला लढताना पाहिले होते, तोच शेवटी शेजारधर्माविषयी बोलू लागला. १९१६ साली पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले.

हा शेजारधर्म किती खरा आहे, हे १९४०च्या दशकानंतर प्रतिजैविकांनी दाखवून दिले. पेनिसिलिन आणि त्यामागोमाग आलेल्या औषधांनी लाखो जीव वाचवले. पण जोरदार प्रतिजैविके घेणाऱ्या काही रुग्णांच्या तोंडात आणि घशात पांढरे चट्टे उठू लागले. ही कँडिडा नावाची यीस्ट. ती बाहेरून आलेली नव्हती. सुमारे निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात किंवा आतड्यांत ती एरवीही निमूटपणे राहते. औषधाने तिच्या शेजारचे जिवाणू मारले आणि मोकळी जागा मिळताच ती पसरली. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघी मातीच्या नमुन्यांत यावर औषध शोधत होत्या. एक न्यूयॉर्कला, दुसरी ऑल्बनीला. नमुने टपालाने जात-येत. १९५० साली त्यांनी निस्टॅटिन हे औषध जाहीर केले. १९६६ साली फ्लॉरेन्सला पूर आला, तेव्हा भिजलेल्या चित्रांवरची बुरशी मारायलाही हेच औषध वापरले गेले.

राखणदार नसला तर काय होते, हे जगाला ५ जून १९८१ रोजी वाचायला मिळाले. अमेरिकेच्या साथरोग केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची हकीकत छापून आली. पाचही जण एरवी धडधाकट होते. पाचही जणांना न्यूमोसिस्टिस नावाच्या सूक्ष्म जिवाचा न्यूमोनिया झाला होता आणि पाचही जणांना कँडिडाचा त्रास होता. न्यूमोसिस्टिसशी बहुतेकांची गाठ लहानपणीच पडते आणि ते कोणाला कळतही नाही. मग या तरुणांनाच तो का भोवला? पुढे उलगडले, की एका विषाणूने त्यांच्या रक्तातल्या ठरावीक पांढऱ्या पेशी नाहीशा केल्या होत्या. या पेशी स्वतः जंतू गिळत नाहीत. कामगारांवरच्या मुकादमासारख्या त्या बाकीच्या पेशींना कामाला लावतात. मुकादम गेला आणि राखण ढासळली. ही एड्सच्या साथीची पहिली नोंद. न्यूमोसिस्टिसला तोवर प्राणिवर्गातला एक सूक्ष्म जीव समजत असत. १९८८ साली त्याची आनुवंशिक द्रव्ये तपासली, तेव्हा तीही बुरशीच निघाली.

आता एक प्रश्न उरला होता. भक्षक पेशीला आपले कोण आणि परके कोण हे कळते तरी कसे? याचे उत्तर शोधताना पुन्हा एकदा एक बारकासा जीव आणि एक बुरशी समोरासमोर आले. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी चिलटे आपण पाहतो. प्रयोगशाळेतली फळमाशी त्यांच्यातलीच. तिच्यात टोल नावाचा एक जनुक आहे. अळीच्या अंगाची वरची-खालची बाजू ठरवण्यासाठी तो लागतो, एवढेच आधी ठाऊक होते. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र यांनी हा जनुक बिघडलेल्या माश्यांना अ‍ॅस्परजिलस या बुरशीची लागण करून पाहिली. साध्या माश्या तगल्या. टोल बिघडलेल्या माश्या दोन-तीन दिवसांत मेल्या आणि त्यांचे अंग बुरशीच्या तंतूंनी झाकून गेले. पावाच्या तुकड्यावर यावी तशी बुरशी. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले.

टोल हा जर्मन भाषेतला वाहवा करण्याचा शब्द. मराठी कानाला तो तोलासारखा ऐकू येतो. अर्थाचा काही संबंध नसला, तरी नाव अगदी चपखल बसते. टोलसारखी प्रथिने माणसातही आहेत. १९९८ साली ब्रूस बॉयट्लर यांनी उंदरांवरच्या कामातून त्यांतल्या एकाचे काम उघड केले. ही प्रथिने पेशींवर पहाऱ्याला बसल्यासारखी असतात आणि जिवाणूंच्या, बुरशीच्या ठरावीक खुणा ओळखतात. बुरशीच्या पेशीभोवतीचे कवच आपल्या पेशींना नसते. त्या कवचातली साखरेची साखळी ओळखणारे एक वेगळे प्रथिनही २००१ साली सापडले. हॉफमन आणि बॉयट्लर यांना २०११ चे नोबेल मिळाले.

ओळखण्यातली सर्वांत सुंदर गोष्ट मात्र अलीकडची आहे. कँडिडा दोन रूपांत राहते. गोल यीस्टच्या रूपात ती निरुपद्रवी असते. लांब तंतूंचे रूप घेतले, की ते तंतू आपल्या पेशींत घुसतात. हे तंतू पेशींना भोके पाडणारे एक विष सोडतात, हे २०१६ साली इंग्लंड आणि जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले. तोंडाच्या आतल्या कातडीला या इजेची चाहूल लागताच ती धोक्याचा निरोप धाडते. गोल रूपाकडे मात्र ती जवळजवळ दुर्लक्ष करते. म्हणजे राखणदार नुसता चेहरा पाहत नाही, वागणूकही पाहतो. शिवेच्या आत गुण्यागोविंदाने राहणाऱ्याला तो राहू देतो. तोच जर कुंपण तोडू लागला, तर काठी उगारतो.

राखणीचा आणखी एक थर अगदी साधा आहे, तो म्हणजे आपल्या अंगाची ऊब. बहुतेक बुरशींना ३७ अंशांचे तापमान सोसत नाही. हजारो जातींच्या नमुन्यांवरून २००९ साली काढलेला हिशोब सांगतो, की ३० ते ४० अंशांच्या टप्प्यात दर अंशामागे आणखी सुमारे ६ टक्के नमुने बाद होतात. आपल्याला रोग देऊ शकणाऱ्या बुरशी त्यातून उरलेल्या, म्हणून मोजक्याच आहेत.

आता साथरोग कायद्याकडे येऊ. मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत केंद्र सरकारने सर्व राज्यांना सांगितले, की म्युकरमायकोसिस हा रोग १८९७ च्या त्याच कायद्याखाली नोंदवावा. ज्याला आपण काळी बुरशी म्हणत होतो तोच हा रोग. खरे तर ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत घुसून रक्त अडवते आणि तिथले मेलेले मांस काळे पडते. जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. कित्येकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. एरवी दुर्मीळ असलेला हा रोग एकाएकी इतका कसा वाढला?

बुरशी नवी नव्हती. तिचे बीजाणू नेहमीच हवेत आणि मातीत असतात. बदलला होता तो राखणदार. करोनाच्या गंभीर रुग्णांत राखणदार स्वतःच बेभान होऊन फुप्फुसांची नासधूस करतो. त्याला शांत करायला स्टेरॉइड लागते, आणि प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण त्याने वाचतात, हे जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले होते. पण शांत झालेला राखणदार बुरशीसमोरही शांतच राहतो. शिवाय स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते. आधीच मधुमेह असलेल्यांची साखर हाताबाहेर गेली, की भक्षक पेशी मंदावतात. अशा वेळी रक्तात मोकळे झालेले लोहही या बुरशीला मानवते. त्यात कित्येकांनी लक्षणे सौम्य असतानाही, गरज नसता, जास्त मात्रेत आणि जास्त दिवस स्टेरॉइड घेतले. यावरच्या अ‍ॅम्फोटेरिसिन औषधासाठी नातेवाईक गावोगाव हिंडले. हे औषध १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून मिळालेले. देशभर त्याचा तुटवडा पडला होता.

त्याच दोन वर्षांत बाजारात प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांचा आणि गोळ्यांचा पूर आला होता. प्रतिकारशक्ती म्हणजे जणू विहिरीतले पाणी, जितके जास्त तितके चांगले, अशी ती समजूत. वर सांगितलेला इतिहास वेगळेच सांगतो. राखणदार कमी पडला तर बुरशी माजते. तो बेभान झाला तर स्वतःचेच घर जाळतो. काही दमेकऱ्यांच्या फुप्फुसांत अ‍ॅस्परजिलसचे थोडे बीजाणूही असा भडका उडवतात. महत्त्व आहे ते ताकद आणि पारख यांच्या तोलाला. तो तोल बाटलीत भरून विकता येत नाही, पण बिघडवता मात्र सहज येतो.

आपल्या दमट हवेत तो कसा बिघडतो याचे रोजचे उदाहरण म्हणजे गजकर्ण. जांघेत, काखेत खाज सुटते. औषधाच्या दुकानात जाऊन आपण मलम मागतो. हातात पडणाऱ्या कित्येक मलमांत बुरशी मारणाऱ्या औषधाबरोबर जोरदार स्टेरॉइडही असते. दोन दिवसांत खाज आणि लाली जाते. राखणदार झोपलेला असतो, बुरशी जागीच असते. मलम थांबवले की चट्टा दुप्पट होऊन परत येतो. अशा वापरामुळे देशात हट्टी गजकर्ण फोफावला, असे त्वचारोगतज्ज्ञ अनेक वर्षे सांगत आहेत. नेहमीच्या औषधांना बऱ्याचदा दाद न देणाऱ्या त्याच्या एका जातीला २०२० साली भारताच्या नावावरून इंडोटिनी असे नाव मिळाले. २०१८ साली सरकारने स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तो पाळायचा की नाही, हे दुकानदाराइतकेच आपल्याही हातात आहे. डॉक्टरने सांगितलेले मलम सांगितले तितके दिवस लावणे, मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणे, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड मनाने न घेणे आणि मनाने न सोडणे, एवढे केले तरी राखणदाराचे बरेचसे काम सोपे होते.

बुरशीशी आपले नाते नुसते वैराचे कधीच नव्हते. माडाची सूर आंबते ती यीस्टमुळे. त्याच सुरेने पोदेर पूर्वी पावाचे पीठ फुगवत आणि सान्नांनाही तीच हलके करी. काजूच्या रसाची फेणी होते त्यामागेही यीस्टच. आपण राखणदाराला श्रद्धेने रोट आणि सूर ठेवतो. ज्या कुळापासून शरीराची राखण करायची, त्याच कुळातल्या एका जिवाने आंबवलेली ही सूर त्याच्यापुढे ठेवताना आपल्या पूर्वजांना काही वावगे वाटले नाही. शिवेवर कोण उभे आहे आणि ते कसे वागते आहे, एवढे पाहिले म्हणजे झाले.